जरीनांच्या घराचा नकाशा

गेल्या रमजानात माझी खाला महिनाभर आमच्याकडे राहायला होती. असरची नमाज झाली की ती हातात पर्स घेऊन दाराशी येऊन बसायची आणि विचारायची, “बेटा, घरी कधी निघायचं?” आधी मला वाटलं, मुंब्र्याच्या फ्लॅटवर जायचं म्हणते. तसं बोलून दाखवलं तर ती चिडली. तिला हवं होतं ते दापोलीकडचं माहेरचं घर. ते विकून पंधरा वर्षं झाली.

डॉक्टरांनी अल्झायमर सांगितलं. शेजारच्या बाया म्हणाल्या, साठी बुद्धी नाठी, त्यात काय एवढं! पण हे नुसतं वय नव्हे. हा मेंदूचा आजार आहे. आजची गोष्ट आधी जाते आणि लहानपणचं खूप काही बरेच दिवस टिकून राहतं. अशा रुग्णांपैकी कितीतरी जण स्वतःच्या घरात बसून “घरी चला” म्हणतात.

त्या दिवसांत मला चित्रकार जरीना आठवत राहिल्या. जन्मभर घर, नकाशे आणि उर्दू शब्द कागदावर छापणाऱ्या या बाईंना शेवटी हाच आजार झाला. 25 एप्रिल 2020 रोजी लंडनमध्ये त्यांचा इन्तिकाल झाला. रमजान नुकताच लागला होता आणि जग लॉकडाऊनमध्ये होतं. आपल्याकडे ती बातमी फार थोड्यांच्या कानावर गेली.

जरीना हाश्मी यांचा जन्म 16 जुलै 1937 चा, अलीगढचा. वालिद शेख अब्दुर रशीद मुस्लिम विद्यापीठात इतिहासाचे प्राध्यापक होते. जरीनांनी तिथूनच 1958 मध्ये गणित घेऊन बी.एस्सी. केलं. (आमच्या शाळेत गणित आवडणाऱ्या मुलीला चित्रकला म्हणजे वेळ घालवणं वाटतं. तिला मी हे मुद्दाम सांगते.) त्याच वर्षी लग्न झालं. शौहर सरकारी परराष्ट्र सेवेत होते, त्यामुळे बँकॉक, पॅरिस, बॉन असे मुक्काम होत गेले. बँकॉकमध्ये त्या लाकडावर कोरून छापायला शिकल्या. पॅरिसमध्ये स्टॅन्ले विल्यम हेटर यांच्या ‘अतेलिए 17’ या कार्यशाळेत त्यांनी तीन-चार वर्षं काम केलं. 1974 मध्ये टोकियोला जाऊन त्यांनी जपानी पद्धतही शिकून घेतली. पुढे त्या न्यूयॉर्कला राहू लागल्या. 1977 मध्ये शौहर वारले. त्यानंतरही त्या तिथेच राहिल्या, एकट्या, आपल्या हातांच्या कमाईवर. नावापुढचं आडनाव त्यांनी सोडून दिलं आणि चित्रांखाली फक्त ‘जरीना’ लिहू लागल्या.

मधल्या काळात आईवडील कराचीला गेले होते. म्हणजे परत जायला अलीगढचं घरच उरलं नव्हतं. फाळणीच्या वेळी जरीना दहा वर्षांच्या होत्या. ती रेघ आखली सिरिल रॅडक्लिफ या इंग्रज वकिलाने. तो त्याआधी कधी हिंदुस्थानात आला नव्हता आणि सारं काम त्याने पाच आठवड्यांत उरकलं. 2001 मध्ये जरीनांनी ती रेघ लाकडावर कोरली. चित्राचं नाव ‘डिव्हायडिंग लाइन’. लाकडाच्या छपाईत कोरलेला भाग कोरा राहतो आणि न कोरलेल्या भागाला शाई लागते. म्हणजे रेघ काळी उमटायची तर ती तशीच उभी ठेवून आजूबाजूची सगळी जमीन खरवडून काढावी लागते. इतिहासाच्या तासाला फाळणी शिकवताना मी इतकी वर्षं जे सांगू शकले नव्हते, ते या एका कृतीत आहे. साहेबाने कागदावर मारलेली रेघ एका बाईने छिन्नीने, आपल्या मनगटाच्या जोरावर, पुन्हा काढली.

गुलामी गेली तरी आपलं मोजमाप दुसऱ्याच्याच फुटपट्टीने होत राहतं, हे त्यांना अमेरिकेतही दिसलं. तिथल्या स्त्रियांच्या चळवळीत त्या होत्या, पण त्या चळवळीत गोऱ्या बायकांचाच आवाज मोठा होता. तेव्हा 1980 मध्ये आना मेंदिएता आणि काझुको मियामोतो या दोघींसोबत त्यांनी न्यूयॉर्कच्या ए.आय.आर. गॅलरीत एक प्रदर्शन मांडलं, अमेरिकेत राहणाऱ्या ‘तिसऱ्या जगातल्या’ बायकांच्या कलेचं. आना क्युबाची, काझुको जपानची आणि या अलीगढच्या.

मला स्वतःला त्यांचं सर्वांत जवळचं वाटतं ते 1999 चं ‘होम इज अ फॉरेन प्लेस’. छत्तीस छोटी छापचित्रं आहेत आणि प्रत्येकाखाली एक उर्दू शब्द. जरीनांनी शब्दांची यादी पाकिस्तानातल्या एका कातिबाला पाठवली आणि त्याच्याकडून नस्तालीकमध्ये लिहून घेतली. चित्रात माणूस नाही, झाड नाही, फक्त काळ्या-पांढऱ्या रेघा आणि चौकोन. घर, दरवाजा, चौखट, सरहद, जबान. हे शब्द मी वर्गात फळ्यावर लिहिले तेव्हा एक मुलगा म्हणाला, “टीचर, हे तर मराठीच आहेत!” खरंच की. घर तसंच, दरवाजा तसाच. सरहदची मराठीत सरहद्द होते. चौखटची चौकट होते, मात्र उर्दूत त्यात उंबरठाही येतो. आपल्या मुलांची घरची बोली एक, शाळेची दुसरी आणि मोबाइलची तिसरी. त्यात उर्दू मागासलेली आणि मराठी परकी असं त्यांना कुणी ना कुणी सांगतच असतं. न्यूयॉर्कमध्ये अर्धं आयुष्य काढलेली बाई चित्राखाली इंग्रजी नाही, उर्दू शब्द ठेवते, हे त्यांना कळायला हवं असं मला वाटतं. 2011 मध्ये व्हेनिसच्या बिएनालेत भारताचा पहिला स्वतंत्र कक्ष मांडला गेला, तेव्हा तिथे जरीनांचं काम होतं. मांडणी मुंबईचे कवी रणजित होस्कोटे यांची होती.

2003 ची एक मालिका उद्ध्वस्त शहरांची आहे. साराजेवो, ग्रोझ्नी, बगदाद, जेनिन यांच्या ओळीत अहमदाबाद आहे आणि न्यूयॉर्कही. दुःख मोजताना त्यांनी आपलं-परकं केलं नाही.

आणि ‘लेटर्स फ्रॉम होम’, 2004. कराचीतली बहीण रानी त्यांना उर्दूत पत्रं लिहायची, पण टाकायची नाही. कुणी गेल्याचं, घर विकल्याचं परमुलखातल्या बहिणीला कळवायचं कसं? बऱ्याच वर्षांनी ती पत्रं तिने हातात दिली. जरीनांनी ती तशीच छापली आणि त्यांच्यावर घरांचे, शहरांचे नकाशे उमटवले. कोकणातल्या किती घरांत अशी पत्रं असतील! कुवेत-दुबईला गेलेल्या माणसाला मयताची खबर उशिरा द्यायची, हा आपल्याकडचाही रिवाज होता.

‘फादर्स हाउस’ या चित्रात जरीनांनी वालिदांच्या घराचा नुसता आराखडा काढला आहे आणि जागांची नावं उर्दूत लिहिली आहेत. तेच आठवून मी एका संध्याकाळी वहीचा कोरा कागद आणि पेन्सिल घेऊन खालापाशी बसले. एक मोठा चौकोन काढला आणि विचारलं, “खाला, इथून आत गेलं की काय?” ती म्हणाली, “ओटी.” मग पडवी, माजघर, न्हाणी, नानीच्या नमाजची जागा, गवताचा माळा. सकाळचा नाश्ता आठवत नव्हता, पण फणसाकडे उघडणारी खिडकी कुठली ते तिने बरोबर दाखवलं. पाऊण तास ती दाराकडे गेली नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा “घरी चल” सुरू झालं, आजार काही चित्राने बरा होत नाही. पण मी कागद पुढे केला तेव्हा तिने तो निरखून पाहिला आणि पेन्सिल मागून घेतली. विहीर मी चुकीच्या बाजूला काढली होती.