पांढरा उजेड म्हणजे जास्त उजेड?

गळीत हंगामात नगर-मनमाड रस्त्यावर रात्री गाडी चालवणाऱ्याला दोन गोष्टींची धास्ती असते: मागे लाल दिवा नसलेली उसाची ट्रॉली आणि समोरून येणारा पांढराफटक झोत. पहिलीवर उपाय म्हणून अनेक जण स्वतःच दुसरी धास्ती बनतात. हॅलोजन बल्ब काढून त्याच हेडलाइटमध्ये एलईडी बसवतात.

बल्ब जितका प्रखर तितकं लांबचं दिसतं, हा सगळ्यांत पक्का समज. पण उजेड कुठं पडावा हे मुख्यतः रिफ्लेक्टर ठरवतो, आणि तो हॅलोजनच्या काही मिलिमीटर लांबीच्या तारेची जागा गृहीत धरून घडवलेला असतो. एच-4 बल्बात डिपरच्या तारेखाली धातूची छोटी वाटी असते. खाली जाणारा प्रकाश ती अडवते, म्हणून झोत समोरच्याच्या डोळ्यांखालीच कापला जातो. एलईडीत तारेऐवजी पट्टीच्या दोन बाजूंना चिप असतात. त्यांची जागा जराशी चुकली की ती कापलेली कड विस्कटते. मग समोरच्याचे डोळे दिपतात, आणि आपल्याही बोनेटपुढे लख्ख उजेड पडल्यानं डोळ्यांची बाहुली आकसते. लांबचा अंधार आणखी गडद वाटतो. भरपूर दिसतंय असं वाटतं, ते नाकासमोरचं!

खोक्यावर ‘6000 केल्विन’ वाचून भाव वाढवून देणारेही आहेत. केल्विन हा रंगाचा आकडा आहे, उजेडाच्या प्रमाणाचा नव्हे. हॅलोजन सुमारे 3200 केल्विनचा, म्हणून पिवळसर. एलईडी तापत नाही, हेही खरं नाही. तिची उष्णता पुढं न जाता मागं जाते, म्हणून तर तिच्या पाठीला पंखा असतो.

आता कायद्याचं. ‘दुकानात मिळतं म्हणजे चालतं’ हा तर्क इथं लागू नाही. मोटार वाहन कायद्यात 2019च्या दुरुस्तीनं आलेल्या कलम 182अ नुसार नियमबाह्य फेरबदलाला प्रत्येकी 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. वाहनांना मान्यता देण्यासाठी चाचण्या घेणारी डीआरडीओची व्हीआरडीई ही संस्था आपल्या नगरातच, वाहननगरला आहे. कंपनी गाडी चाचण्यांतून पास करून घेते, आणि आपण तिचा दिवा गॅरेजात दहा मिनिटांत बदलतो. जर्मनीत 2020 मध्ये ऑसरामच्या एच-7 एलईडीला रस्त्यावर वापरायची मंजुरी मिळाली, तीही तपासलेल्या ठरावीक मॉडेलांपुरतीच.

हेडलाइट मंद वाटत असेल तर दोष बहुधा दुसरीकडेच असतो. हॅलोजनला मिळणारं व्होल्टेज 10 टक्के घटलं की उजेड सुमारे 30 टक्के घटतो. जुनी वायरिंग, गंजलेलं अर्थिंग इथंच नडतं. रिले बसवून थेट बॅटरीवरून पुरवठा दिला तर त्याच बल्बचा फरक दिसतो. पिवळी पडलेली हेडलाइटची काच (ती खरं तर पॉलिकार्बोनेटची असते) घासून घ्या. मग सपाट जागी भिंतीसमोर गाडी उभी करून डिपर लावा: कड स्पष्ट, डावीकडं किंचित वर चढणारी दिसायला हवी.

आतल्या दिव्याला एलईडी खुशाल लावा. इंडिकेटरला मात्र विचारून लावा. तिथं 21 वॉटऐवजी जेमतेम काही वॉट लागल्यानं बऱ्याच गाड्यांत फ्लॅशरला बल्ब उडाल्यासारखं वाटतं आणि तो भराभर लुकलुकू लागतो.