खाऱ्या मासळीवरची लाली आणि आर्कियांविषयीचे गैरसमज

मिठात काहीही जगत नाही, या विश्वासावर किनाऱ्यावरचा पावसाळा निघतो. जून-जुलैत मासेमारी बंद असते, सातपाटीच्या खाडीत होड्या नांगरून पडतात आणि ताटातल्या ताज्या पापलेटाची जागा सुकी आणि खारी मासळी घेते. नेमक्या त्याच दिवसांत खारवलेल्या मुशीच्या किंवा सुरमईच्या तुकडीवर कधी गुलाबी, मग विटकरी लाल, किंचित चिकट थर दिसू लागतो. मासळीचे रक्त वर आले, कुणीतरी रंग लावला, बुरशी धरली, असे तर्क होतात. प्रत्यक्षात तो थर सजीवांचा असतो. ते सजीव बुरशी नव्हेत, शेवाळ नव्हे आणि जिवाणूही नव्हेत. त्यांना आर्किया म्हणतात. त्यांच्याविषयी शिकलेल्या माणसांतही इतके गैरसमज आहेत, की सुरुवात मिठापासूनच केलेली बरी.

‘मिठात काही जगत नाही’

समुद्राच्या पाण्यात साधारण साडेतीन टक्के क्षार असतात. मिठागरात ऊन-वाऱ्याने पाणी आटत जाते आणि मिठाचे प्रमाण २६ टक्क्यांच्या आसपास पोचले, की मीठ खाली बसू लागते. एवढ्या मिठात सामान्य जिवाणूच्या पेशीतले पाणी बाहेर ओढले जाते आणि त्याची वाढ थांबते. मासळी खारवण्यामागचे शास्त्र मुख्यतः हेच.

हॅलोबॅक्टेरियम सॅलिनारम आणि त्याच्या भाऊबंदांचे गणित मात्र उलटे आहे. हे आर्किया आपल्या पेशीत पोटॅशियमचे क्षार ठासून भरतात आणि बाहेरचा ताण आतूनच तोलतात. त्यांची प्रथिनेही अशी घडलेली असतात, की मीठ कमी पडले तर ती विस्कटतात. २० ते २५ टक्के मिठात ते सुखाने वाढतात आणि गोड्या पाण्यात टाकले तर फुटून मरतात. म्हणजे मीठ हा त्यांचा शत्रू नाही, ती त्यांची गरज आहे. त्यांचा लाल रंग बॅक्टेरिओरुबेरिन या रंगद्रव्याचा असतो. कडक उन्हाच्या माऱ्यापासून ते पेशीला वाचवते. मीठ धरायला आलेल्या आगरातले पाणी लालसर दिसते, त्यात यांचा मोठा वाटा असतो. लाल पाणी उष्णता जास्त शोषते, त्यामुळे बाष्पीभवनालाही मदत होते.

इथेच दुसरा गैरसमज लपलेला आहे, की मीठ आपोआप निर्जंतुक असते. मिठाचा खडा तयार होताना त्यात खाऱ्या पाण्याचे अतिसूक्ष्म थेंब अडकतात आणि त्या थेंबांत हे आर्किया दीर्घकाळ तग धरतात. आगरातले जाडे मीठ मासळीला चोळले, की तेही सोबत येतात. हवेतली सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली, की मीठ पाणी ओढून घेते. कोकणच्या पावसाळ्यात ते रोजचेच. खारी तुकडी वरून ओलसर होते, तिच्यावर गच्च खाऱ्या पाण्याचा पातळ थर साचतो. उबदार हवा, मुबलक प्राणवायू आणि खायला मासळीची प्रथिने, अशी त्यांची सगळी सोय होते. म्हणूनच लाली पृष्ठभागावर आणि ओल धरलेल्या जागी आधी येते. वलांडीवर मिठाशिवाय वाळवलेल्या कडक बोंबलावर ती सहसा येत नाही. तिथे ओल शिरली तर बुरशी धरते, ती गोष्ट वेगळी.

या लालीने शास्त्रज्ञांनाही बरेच फिरवले आहे. अमेरिकेतल्या खारवलेल्या कॉड माशावर उन्हाळ्यात येणाऱ्या लालीचा अभ्यास विल्यम फार्लो यांनी १८८० मध्ये प्रसिद्ध केला आणि दोष मिठाकडे जातो हे बरोबर ओळखले, पण सजीवाला मात्र शेवाळवर्गीय मानले. १९२२ मध्ये कॅनडात हॅरिसन आणि केनेडी यांनी खाऱ्या कॉडवरून तो वेगळा काढला आणि जिवाणू म्हणून नोंदवला. तो आर्किया आहे हे कळायला १९७० च्या दशकाची अखेर उजाडली. आपल्याकडे जून २०२० मध्ये लोणार सरोवर गुलाबी झाले, तेव्हाही पहिला संशय शेवाळावरच गेला. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत पोचले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून सांगितले, की ही करामत मीठप्रेमी आर्कियांची आहे. बाष्पीभवनाने पाणी आटले, खारटपणा वाढला आणि त्यांची संख्या फोफावली. प्रयोगशाळेत नमुना स्थिर राहिल्यावर रंगीत गाळ तळाशी बसला आणि वरचे पाणी जवळजवळ नितळ झाले. रंग पाण्याचा नव्हता, पेशींचा होता.

घरातल्या किंवा धंद्यातल्या माणसाला यातून उपयोगी पडेल असे पुष्कळ आहे. मासळीला एकदा वापरलेले मीठ पुन्हा वापरू नये, कारण त्यात ही वस्ती आणखी वाढलेली असते. खारवण्याचे पिंप, फळ्या, टोपल्या गोड्या पाण्याने घासून धुवाव्यात. खाऱ्या पाण्याने धुण्याचा इथे उपयोग नाही. खारी मासळी थंड जागी ठेवता आली तर लाली रोखता येते, कारण या मंडळींना ऊब लागते. वरवरची फिकट लाली गोड्या पाण्याने धुऊन, तुकडी पुन्हा नीट वाळवता येते. पण मांस मऊ पडले असेल, बुळबुळीत झाले असेल किंवा घाण वास येत असेल, तर ती मासळी टाकून द्यावी. तिथे नासण्याची क्रिया खोलवर गेलेली असते.

‘आर्किया म्हणजे जिवाणूंचाच एक जुनाट प्रकार’

शाळेत व्हिटेकरची १९६९ ची पाच सृष्टींची मांडणी शिकवतात आणि तीत सगळे केंद्रकहीन जीव मोनेरा या एकाच सृष्टीत बसतात. सूक्ष्मदर्शकाखाली आर्किया आणि जिवाणू दिसतातही सारखेच. १९७७ मध्ये इलिनॉय विद्यापीठातल्या कार्ल वोस आणि जॉर्ज फॉक्स यांनी रूप बाजूला ठेवले आणि पेशीतल्या रायबोसोमच्या आरएनएची तुलना केली. मिथेन करणारे काही ‘जिवाणू’ इतर जिवाणूंपासून इतके दूर निघाले, की त्यांच्यासाठी वेगळी शाखाच मानावी लागली. १९९० मध्ये वोस, कांडलर आणि व्हीलिस यांनी जिवाणू, आर्किया आणि केंद्रकयुक्त सजीव अशी तीन अधिक्षेत्रे मांडली.

हा फरक नुसता कागदावरचा नाही. जिवाणूंच्या भिंतीत असणारे पेप्टिडोग्लायकन आर्कियांत नसते, म्हणून त्या भिंतीवर घाव घालणारे पेनिसिलिन त्यांच्यावर चालत नाही. त्यांच्या पेशीपटलातले मेद वेगळ्या, अधिक चिवट रासायनिक बंधाने जोडलेले असतात. जनुके वाचण्याची त्यांची यंत्रणा तर जिवाणूंपेक्षा आपल्या पेशींशी जास्त मिळतीजुळती आहे.

‘ते फक्त टोकाच्या जागी राहतात’

जुन्या पुस्तकांत आर्कियांचे तीनच प्रकार असत: मीठप्रेमी, उष्णताप्रेमी आणि मिथेन करणारे. त्यामुळे गरम पाण्याचे कुंड दिसले की तिथे आर्किया असणारच, असे वाटते. सातिवली, कोकनेर किंवा वज्रेश्वरीच्या कुंडांविषयीही तसा समज होऊ शकतो. पण सल्फोलोबससारख्या नामांकित उष्णताप्रेमींना ७५-८० अंश सेल्सियस तापमान आणि चांगलेच आम्ल पाणी लागते. आपली कुंडे तशी आम्ल नाहीत. शिवाय उष्णता सोसणारे जिवाणूही भरपूर आहेत. डीएनए चाचण्यांत वापरले जाणारे प्रसिद्ध टॅक पॉलिमरेज ज्याचे, तो थर्मस अ‍ॅक्वाटिकस जिवाणूच आहे.

उलट, साध्या, थंड, रोजच्या समुद्रात आर्किया आहेत हे १९९२ मध्ये कळले आणि सगळ्यांचेच डोळे उघडले. पुढच्या मोजणीत महासागरातल्या अतिसूक्ष्म पेशींपैकी सुमारे पाचवा हिस्सा त्यांचा निघाला. त्यांतला नायट्रोसोप्युमिलस मरिटिमस २००५ मध्ये पहिल्यांदा प्रयोगशाळेत वाढवला गेला, तोही सिॲटलच्या मत्स्यालयातल्या टाकीतून मिळालेला. मासे अमोनिया बाहेर टाकतात आणि हा जीव त्या अमोनियाचे नायट्राइट करून आपले पोट भरतो. सातपाटीचे जाळे ज्या पाण्यात पडते, त्या अरबी समुद्रातही या गटाचे आर्किया हेच काम करतात.

‘ते रोग पसरवतात’

माणसाला रोग करणारा एकही आर्किया आजवर निर्विवाद सिद्ध झालेला नाही. आपल्या आतड्यात मिथॅनोब्रेव्हिबॅक्टर स्मिथी नावाचा आर्किया मुकाट्याने नांदतो. मात्र यावरून लाल पडलेली मासळी बिनघोर खावी असा अर्थ काढू नये. बर्फाविना तापलेल्या बांगड्यात किंवा सुरमईत काही जिवाणू हिस्टामाइन हे अपायकारक द्रव्य तयार करतात. ते एकदा तयार झाले, की मीठ, ऊन किंवा चुलीची आच त्याला नष्ट करत नाही. मासळी खारवायची असली तरी तोवर ती बर्फात हवी.

‘खाजणातला वास मिथेनचा असतो’

ओहोटीला तिवरांच्या चिखलातून येणारा कुजक्या अंड्यासारखा वास हायड्रोजन सल्फाइडचा असतो. तो वायू मुख्यतः सल्फेटवर जगणारे जिवाणू तयार करतात. मिथेनला वासच नसतो. समुद्राच्या पाण्यात सल्फेट भरपूर असल्याने चिखलाच्या वरच्या थरात या जिवाणूंचे पारडे जड असते. मिथेन करणारे आर्किया तिथे मिथिलअमाइनसारख्या, त्या जिवाणूंनी न वापरलेल्या पदार्थांवर भागवतात आणि अधिक खोल, जिथे सल्फेट संपते, तिथे जोर धरतात. पालघरच्या गोड्या पाण्याच्या भातखाचरांत आणि गोबरगॅसच्या टाकीत सल्फेटची अशी स्पर्धा नसल्याने त्यांचे राज्य असते. गायीच्या पोटातही तेच. आणि गायीचा बहुतेक मिथेन मागून नव्हे, तोंडावाटे, ढेकरांतून बाहेर पडतो.

अशाच प्राणवायूहीन चिखलाने जीवशास्त्राला मोठा धक्का दिला. २०१५ मध्ये उत्तर अटलांटिकच्या तळगाळातून लोकीआर्किया या गटाचा जनुकसंच मिळाला आणि त्यात केंद्रकयुक्त पेशींची खास ओळख समजली जाणारी जनुके निघाली. लोकीआर्किया ज्यात मोडतात त्या असगार्ड या मोठ्या गटातला एक सजीव जपानी शास्त्रज्ञांनी समुद्रतळाच्या गाळातून काढून, बारा वर्षे चिकाटीने वाढवून २०२० मध्ये जगासमोर ठेवला. झाड, मासा आणि माणूस यांच्या पेशींचा पूर्वज या गटातून आला असावा, असे आता बहुतेक अभ्यासक मानतात. असगार्ड आर्कियांच्या खुणा नंतर खारफुटीच्या चिखलातही सापडल्या आहेत.