स्वतःचे संकेतस्थळ : रचना आणि सजावट



आजचा विषय पुष्कळांना यंत्रज्ञांचा वाटेल. पण मुळात तो लिहिणाऱ्यांचा आहे. १९९४ साली अमेरिकेत ‘जिओसिटीज’ नावाची सेवा निघाली. तिने सामान्य माणसाला इंटरनेटवर फुकट जागा दिली आणि लक्षावधी लोकांनी तेथे आपापली पाने मांडली. पुढे ‘याहू’ कंपनीने ती विकत घेतली आणि ऑक्टोबर २००९ मध्ये अमेरिकेतील ही सेवा बंद केली. काही हौशी मंडळींनी धावपळ करून बरीचशी पाने उतरवून घेतली. बाकीची गेली ती गेलीच. आपल्याकडे घरोघर पोहोचलेल्या ‘ऑर्कुट’नेही ३० सप्टेंबर २०१४ रोजी दार लावले. परक्याच्या ओसरीवर मांडलेल्या संसाराची ही गत व्हावयाचीच. मग आपले लेखन चारचौघांनी वाचावे आणि तरीही ते आपल्याच हाती राहावे, अशी काही युक्ती आहे काय? ती आहे, आणि वाटते तेवढी अवघड नाही.

संकेतस्थळे सामान्यतः दोन रीतींनी चालतात. पहिली रीत खाणावळीची. वाचक आला की दूरचा संगणक कोठारातून मजकूर काढतो आणि त्याच्यासाठी पान तेथल्या तेथे तयार करतो. दुसरी रीत दिवाळीच्या फराळाची. सारे आधीच करून डब्यात भरलेले असते; पाहुणा आला की बशी पुढे करावयाची. १९९१ साली टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’ संस्थेत जे पहिले संकेतस्थळ चालू केले, त्याची पाने या दुसऱ्या प्रकारची होती. अशी पाने चटकन उघडतात, त्यांना खर्च थोडा येतो, आणि कोठारच नसल्यामुळे ते फोडण्याची भीतीही राहत नाही.

अडचण एकच. शंभर पाने हाताने केली आणि माथ्यावरची एक ओळ बदलावयाची झाली, तर शंभर ठिकाणी हात लावावा लागतो. हे कष्ट वाचविणारे कार्यक्रम निघाले. टॉम प्रेस्टन-वर्नर यांचे ‘जेकिल’ २००८ मधले. स्टीव्ह फ्रान्सिया यांचे ‘ह्यूगो’ २०१३ मधले. दोन्ही फुकट मिळतात. मोदकाचा साचा एकच असतो, सारण मात्र दर वेळी नवे भरावयाचे. तसेच हे आहे. आपण आपला मजकूर साध्या फाइलीत लिहावयाचा. फाइलीच्या आरंभी तीन-तीन आडव्या रेघांच्या मध्ये मथळा आणि तारीख द्यावयाची. पुढील लेखनाला जॉन ग्रुबर यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेली ‘मार्कडाउन’ ही पद्धत वापरतात : ओळीच्या आधी # घातले की ती शीर्षक होते, शब्दाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन तारे घातले की तो ठळक होतो. कार्यक्रम प्रत्येक फाइल साच्यात घालून पूर्ण पाने बनवितो आणि वेगळ्या फोल्डरात ठेवतो. ह्यूगोमध्ये त्याला ‘पब्लिक’ म्हणतात. तो फोल्डर भाड्याच्या संगणकावर चढविला की काम झाले.

आता सजावट. तयार साच्यांचे संच ‘थीम’ या नावाने मिळतात. नवशिके थेट थीमच्या फाइली खोडतात. पुढे थीमची नवी आवृत्ती घेतली की ती सारी मेहनत पुसली जाते. ह्यूगोमध्ये योग्य मार्ग असा : थीममधील जी फाइल बदलावयाची, तिची नक्कल त्याच नावाने आणि त्याच उपफोल्डरात आपल्या ‘लेआउट्स’ फोल्डरात ठेवावी. ह्यूगो आपली फाइल आधी पाहतो. थीम अबाधित राहते.

मराठीसाठी आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. बहुतेक थीम इंग्रजी अक्षरे डोळ्यांपुढे ठेवून बनविलेल्या असतात. रूपाचे नियम सीएसएस फाइलीत लिहिलेले असतात. तेथे ओळींमधील अंतर थोडे वाढवावे, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांना जाऊन भिडतात. आणि अक्षरांमधील जादा अंतर शून्य करावे, कारण त्याने शिरोरेषा तुटते आणि शब्द विसकटल्यासारखा दिसतो.

या पद्धतीलाही मर्यादा आहेत. वाचकांची उत्तरे घ्यावयाची किंवा सभासदांना प्रवेश द्यावयाचा, तर त्याची सोय निराळी करावी लागते. संगणकाची जागा आणि संकेतस्थळाचा पत्ताही आपण ठराविक मुदतीनेच घेतो. म्हणून पत्ता स्वतःच्या नावावर घ्यावा आणि त्याचे नूतनीकरण चुकवू नये. पण उद्या जागेच्या मालकाने दुकान बंद केले, तरी आपली फाइल न् फाइल घरी असते. तीच पाने दुसरीकडे चढवावी, जुना पत्ता तिकडे वळवावा. वाचकाला पत्ता बदलावा लागत नाही. मात्र फाइलींची दुसरी प्रत वेगळ्या ठिकाणी अवश्य ठेवावी.

तात्पर्य, पानांचे रूप दर पाच वर्षांनी बदलेल, कदाचित कार्यक्रमही बदलेल. पण साध्या फाइलीत लिहिलेला मजकूर कोणत्याही संगणकावर उघडता येईल. आजोबांची रोजनिशी ट्रंकेत सापडावी, तशी आपली ही फाइल नातवंडांना सापडली पाहिजे. तेव्हा सजावटीची घाई नको. आज घरी गेल्यावर पहिले पान तेवढे लिहून ठेवा.