ट्रॉलीचा वाकलेला सांगाडा : दुरुस्त करावा की बदलावा?

बैलगाडीला जसा साटा, तसा ट्रॅक्टर ट्रॉलीला लोखंडी सांगाडा. सर्व भार त्यावरच असतो. ऊस, शेणखत किंवा मुरूम वाहताना तो वाकला, तर बहुतेक जण जवळच्या वेल्डिंगवाल्याकडे ट्रॉली नेतात, वाकलेला भाग लाल करून ठोकतात आणि वर एक पट्टी जोडून घेतात. ऐन गळीत हंगामात हेच काम भर रस्त्यात उघडे पडते. दांडी तुटून भरलेली ट्रॉली सुटली, तर मागून येणाऱ्याच्या जिवावर बेतते. म्हणून आधी मोजमाप व नंतर हातोडा, हा नियम पाळावा.

सांगाडा का वाकतो?

क्षमतेपेक्षा जास्त भार, तोही पुढच्या किंवा एकाच बाजूला रचलेला, हे मुख्य कारण. पाटाच्या चारीत चाक आदळणे, उंचसखल जागी ट्रॉली उपसणे आणि मागे घेताना ट्रॅक्टरचे चाक दांडीला लागणे, ही इतर कारणे होत. रासायनिक खत किंवा शेणखत फळीखाली साचून राहिल्यास चॅनेल आतून गंजून पातळ होतो व थोड्या भारानेही वाकतो.

मोजमाप कसे घ्यावे?

ट्रॉली रिकामी करून सपाट जागेवर घ्यावी व ट्रॅक्टर सोडवावा. सांगाडा लाकडी ठोकळ्यांवर भक्कम टेकवावा. नुसत्या जॅकच्या आधारावर खाली शिरू नये.

१) समोरासमोरच्या कोपऱ्यांतील दोन्ही कर्ण टेपने मोजावेत. एक-दोन सूत फरक मूळ बांधणीतही असू शकतो. बोटभर फरक आल्यास चौकट सरकली असे समजावे.

२) लांब चॅनेलच्या दोन्ही टोकांना सारख्या जाडीचे ठोकळे ठेवून त्यांवर दोरी ताणावी. मध्ये अंतर कमी-जास्त भरल्यास बाक आहे.

३) गवंडी वापरतात तशा पाण्याच्या नळीने तीन कोपरे एका पातळीत आणावेत. चौथा कोपरा वर किंवा खाली राहिला तर सांगाड्याला पीळ बसला आहे.

४) दुचाकी ट्रॉलीत दांडीच्या कडीपासून ॲक्सलच्या दोन्ही टोकांपर्यंतचे अंतर मोजावे, ते सारखे हवे.

कर्ण बरोबर असून हे शेवटचे अंतर चुकत असेल, तर दोष कदाचित चौकटीत नसतो. दांडी वाकलेली असते किंवा पाट्यांचा मधला बोल्ट तुटून ॲक्सल सरकलेला असतो. ट्रॉली तिरकी चालणे व टायर एकाच बाजूने झिजणे ही त्याची लक्षणे. अशा वेळी एका बोल्टाच्या खर्चात काम भागू शकते.

सरळ करावा की बदलावा?

चॅनेलला साधा बाक असून चुणी, तडा किंवा खोल गंज नसेल तर तो सरळ करता येतो. परंतु चॅनेलची कड चुणली असेल, पीळ बसला असेल, गंजाने जाडी घटली असेल किंवा पूर्वी जोडलेल्या जागीच तो पुन्हा वाकला असेल, तर तेवढा चॅनेल बदलावा. वाकलेली दांडी, कडी व ॲक्सल हे मात्र तापवून सरळ करू नयेत, बदलावेत. पाटे विशिष्ट पद्धतीने कडक केलेले असतात. तापवल्यास त्यांचा ताठरपणा जातो.

दुरुस्ती करताना

साधा बाक शक्यतो न तापवता, हायड्रॉलिक जॅकने हळूहळू दाबून काढावा. दाब सोडल्यावर लोखंड थोडे परत येते, हे लक्षात ठेवावे. साखळी ताणलेली असताना तिच्या रेषेत कोणी उभे राहू नये. तापवणे अटळ असल्यास मंद लाल रंगापुढे जाऊ नये व वर पाणी ओतू नये. आपोआप थंड होऊ द्यावे.

तड्यावर नुसते वेल्डिंग चढवू नये. तडा जेथे संपतो तेथे लहान छिद्र पाडावे, तडा व्ही आकारात घासावा व मग ७०१८ प्रकारच्या कोरड्या रॉडने भरावा. आधाराची पट्टी चॅनेलइतक्याच जाडीची घ्यावी. तिची टोके काटकोनात न कापता शंकरपाळ्यासारखी तिरकी ठेवावीत, म्हणजे ताण एकाच रेषेत येत नाही. चॅनेलच्या खालच्या कडेवर आडवे वेल्डिंग करू नये.

वेल्डिंगपूर्वी पाचट व लाकडी फळ्या काढाव्यात, जवळचे चाक उतरवावे. हवा भरलेला टायर तापून फुटू शकतो. अर्थिंगचा चिमटा कामाच्या जागेजवळच लावावा, अन्यथा वीजप्रवाह बेअरिंगमधून जाऊन ते खराब होते.

चेसिस क्रमांक असलेला भाग कापू नये. पूर्ण सांगाडा बदलायचा असल्यास आधी प्रादेशिक परिवहन कार्यालयात विचारणा करावी.

दुरुस्तीनंतर

चारही मोजमापे पुन्हा घ्यावीत व रेड ऑक्साइड लावावे. कामासाठी काढलेले मागचे दिवे व परावर्तक परत बसवावेत. पहिल्या खेपा निम्म्या भाराने कराव्यात व प्रत्येक खेपेनंतर जोडाजवळचा रंग पाहावा. रंगाला रेघ पडली की खाली तडा आहे असे धरून ट्रॉली थांबवावी. हंगामापूर्वी मोजणीसाठी दिलेला अर्धा दिवस हंगामातील खोळंबा व अपघात, दोन्ही टाळतो.