छकड्याचं हँडल

मराठीत छकडा म्हणजे हलकी बैलगाडी. सौराष्ट्रात मात्र ‘छकडो’ म्हणजे पुढून बुलेट मोटरसायकल, मागून उघडा हौदा आणि मधे धडधडणारं एका सिलिंडरचं डिझेल इंजिन. आंब्याच्या हंगामात गीरजवळच्या तालाळ्याहून मी एका छकड्यात बसलो.

चालकानं आधी केसर आंब्याची दहा-दहा किलोची खोकी तळाशी रचली, मागच्या आसाच्या किंचित पुढं. मग आम्ही पाचजण चढलो. निघण्यापूर्वी त्यानं हँडल डावीकडं-उजवीकडं हलवून पाहिलं. समाधान झालं नाही. मागच्या कडेला बसलेल्या दोघांना तो म्हणाला, “थोडा आगळ आवो, भाई.” ते वीतभर पुढं सरकले. पुन्हा हँडल हलवलं, मान डोलावली आणि छकडा सुरू केला.

तीन दगडांच्या चुलीवर भांडं डुगडुगत नाही. तीन चाकंही उंचसखल जमिनीवर एकदम टेकून राहतात. पण चुलीला वळायचं नसतं, गाडीला असतं. तीन चाकं रेषांनी जोडली तर त्रिकोण होतो आणि तोल सांभाळायला तेवढीच जागा मिळते. छकड्याचा त्रिकोण पुढं निमुळता. वळणावर ब्रेक दाबला की भार नेमका तिकडंच धावतो आणि गाडी कलंडू शकते. म्हणून ओझं मागं हवं, खाली हवं. मात्र ते आसाच्याही मागं गेलं, तर पुढचं चाक हलकं होतं आणि हँडल ऐकेनासं होतं. या दोन धोक्यांमधली जागा तो चालक मनगटानं शोधत होता.

इंग्लंडमध्ये मोटार बनवणाऱ्या मॉर्गन यांनी १९०९ साली तीनचाकीची उलटी मांडणी केली होती: पुढं दोन चाकं, मागं एक. वळणावर ती गाडी जास्त भरवशाची. पण रुंद हौदा बसवायचा तर मागं दोन चाकंच लागतात. गाडीला काय वाहायचं आहे, यावर चाकांची जागा ठरते.

आपले नियमही ओझ्याकडंच पाहतात. तीनचाकींचा वर्ग एल-५. त्यात माणसं नेणारी ती ‘एम’, माल नेणारी ती ‘एन’. ई-रिक्षाची व्याख्या २०१४ मध्ये झाली, तिच्यातही ओझं आलंच: चार उतारू आणि ४० किलो सामान, ई-कार्टला ३१० किलो माल. हा भेद मला रास्त वाटतो. खोक्याला पाठ टेकायला जागा लागत नाही, माणसाला लागते. पण खेड्यातली बाजारवाट माणूस आणि माल वेगळे करत नाही. आंबे विकायला निघालेला शेतकरी आंब्यांसोबतच जातो. त्याच्यासाठी दोन्ही सुरक्षित नेणारी तीनचाकी कुणीतरी मनापासून आखायला हवी.

वाटेत एका फाट्यावर खोकी उतरली. हौदा एकदम मोकळा झाला आणि आम्ही ऐसपैस पसरलो. चालक जागेवर बसला, पण निघाला नाही. आधी त्यानं हँडल हलवून पाहिलं आणि आम्हाला पुन्हा नव्यानं बसवलं.