पंख्याला खड्डे पाडणारी वाफ

एप्रिलमध्ये विहिरीचं पाणी तळाकडे गेलं की काठावरची मोटर वेगळीच वाजू लागते. आत खडे फिरत असल्यासारखा आवाज येतो, धार बारीक होते. पंप उघडावा तर खडा एकही सापडत नाही; पंख्याच्या पात्यांवर मात्र खड्डेच खड्डे पडलेले दिसतात.

हे काम वाफेचं. पाणी 100 अंशांना उकळतं ते समुद्रसपाटीच्या हवेच्या दाबाखाली. दाब उतरवत नेला तर 30 अंशांचं पाणीही उकळतं. त्यासाठी दाब हवेच्या साधारण चार टक्क्यांवर यावा लागतो. पंप पाणी ओढतो असं आपण म्हणतो, पण तो फक्त आपल्या तोंडाशी दाब कमी करतो. पाण्याला वर ढकलते ती विहिरीवरची हवा. तिची सगळी ताकद 10.3 मीटर उंचीची. महाबळेश्वरच्या उंचीवर तीही दीडेक मीटरनं घटते. त्यातून पाइपमधलं घर्षण आणि पंपाची स्वतःची गरज वजा केली की व्यवहारात सहा-सात मीटर उरतात. पाणी त्याखाली गेलं की पंख्याच्या तोंडाशी गार पाणी उकळू लागतं. यालाच कॅव्हिटेशन म्हणतात.

खरा घाव बुडबुडा मिटताना बसतो. पात्यावरून पुढे जाताच दाब वाढतो, वाफेचं क्षणात पाणी होतं आणि भोवतालचं पाणी त्या पोकळीत घुसतं. पात्यालगतचा बुडबुडा एका बाजूनं आत दबतो, त्यातून निघालेली अतिसूक्ष्म धार थेट धातूवर आदळते. अशी पोकळी मिटताना केवढा प्रचंड दाब तयार होतो, हे लॉर्ड रॅले यांनी 1917 मध्ये गणितानं दाखवलं. तेव्हा प्रश्न जहाजांच्या पंख्यांच्या झिजेचा होता.

म्हणून नुसता पंखा बदलणं हा पैशाचा अपव्यय आहे. त्याच जागी मोठा पंप बसवणं त्याहून वाईट, कारण प्रवाह वाढला की सक्शनमधला दाब आणखी पडतो. इलाज सक्शनकडेच करायचा. पंप पाण्याच्या जवळ उतरवावा. सक्शन पाइप आखूड, सरळ आणि डिलिव्हरीपेक्षा एक माप मोठा असावा. फूटव्हॉल्व्हची जाळी गाळानं बुजू देऊ नये. डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह थोडा आवळून पाहावा. प्रवाह घटून खडखड थांबली, तर बहुधा कॅव्हिटेशनच. सक्शनचा व्हॉल्व्ह मात्र कधीही आवळू नये. स्टेनलेस स्टीलचा पंखा बिडाच्या पंख्यापेक्षा जास्त टिकतो, पण बुडबुडे तेवढेच राहतात.