गळ्यापासून खाली उतरणारा स्वेटर

पनवेलची थंडी डिसेंबर सरताना येते, जानेवारीत एखाद्या पहाटे पारा पंधरा अंशांच्या आसपास उतरवते आणि रथसप्तमीला हळदीकुंकवे संपेपर्यंत ओसरलेली असते. लोकर अंगावर चढवावी असे दिवस मोजकेच. पण घरात बाळ येणार असले की बाळंतविड्यात झबली, टोपडी आणि दुपट्यांच्या जोडीला हाताने विणलेला स्वेटर हवाच असतो. शिवाय आता गारठा हवामानापुरता राहिलेला नाही. पुण्याला जाणाऱ्या शिवनेरीत किंवा बेलापूरच्या वातानुकूलित कार्यालयात मे महिन्यातही खांद्यावर काहीतरी घ्यावेसे वाटते. तिथे काश्मीरला नेण्याजोगा जाडजूड स्वेटर उपयोगाचा नाही. हवा असतो तो हलका, रोजच्या वापराचा, पिशवीत मावणारा. तसा स्वेटर विणण्याची फार शहाणी रीत म्हणजे गळ्याला टाके घालायचे आणि एकही शिवण न घालता खाली उतरत जायचे.

मराठी घरांतली नेहमीची पद्धत याच्या उलट चालते. आधी कमरेची बॉर्डर, एक सुलट एक उलट. मग पाठ वेगळी, पुढचा भाग वेगळा, मुंढ्याला टाके घटवायचे, दोन बाह्या स्वतंत्र विणायच्या आणि शेवटी सगळे तुकडे जोडायचे. महिलांच्या मासिकांतले नमुनेही याच क्रमाने येत: पहिली सुई सुलट, दुसरी सुई उलट. या कामात मोठे कसब आहे. अडचण एवढीच की स्वेटर बेतात बसतो की नाही, हे सगळे शिवून झाल्यावर कळते. तोवर मुंढा घट्ट झालेला असतो किंवा बाही मनगटाच्या वर राहिलेली असते. शिवणकाम नकोसे वाटून तुकडे पिशवीतच पडून राहतात, तेही काही कमी घरांत नाही.

गळ्यापासून विणताना हिशेब कागदावर होतो, पण निर्णय अंगावर घालून बघून घेता येतात. समजा, चार इंचांत वीस टाके बसतात आणि छाती ३६ इंच आहे. दोन-अडीच इंच सैलपणा धरला तर घेर साधारण १९२ टाक्यांचा लागेल. गळ्याला ८८ टाके घालायचे: पाठीला ३२, पुढच्या भागाला ३२, बाह्यांना बारा-बारा. चार भागांच्या सीमांवर खुणेच्या चार रिंगा अडकवायच्या. एक फेरी आड प्रत्येक रिंगेच्या दोन्ही अंगांना एकेक टाका वाढवायचा, म्हणजे दर वाढीला आठ टाके. अशा २८ वाढी झाल्या की सुईवर ३१२ टाके जमतात: पाठ आणि पुढचा भाग ८८-८८, बाह्या ६८-६८. आता बाह्यांचे टाके जाड दोऱ्यावर काढून ठेवायचे, दोन्ही काखांत आठ-आठ नवे टाके घालायचे आणि धड सलग गोल विणत न्यायचे. हिशेबातले १९२ टाके बरोबर जुळतात.

इथवर आले की स्वेटर डोक्यातून घालून बघता येतो. खांद्यावर ओढ बसत असेल तर चार फेऱ्या उसवायच्या, काख खाली हवी असेल तर आणखी विणायचे. उंची किती ठेवायची, बाही कोपरापर्यंत की मनगटापर्यंत, हे तेव्हा ठरवले तरी चालते. गोल विणताना समोर कायम सुलट बाजूच असते, त्यामुळे साध्या विणीला उलट टाके घालावेच लागत नाहीत. मानेमागे मात्र थोड्या अर्ध्या ओळी विणून पाठ उंच करून घ्यावी लागते. ते टाळले तर पुढचा गळा घशाशी येतो.

गळ्याकडून काखेकडे तिरप्या उतरणाऱ्या या चार रेषांना रॅगलन म्हणतात. वॉटर्लूच्या लढाईत १८१५ साली उजवा हात गमावलेल्या आणि पुढे क्रिमियन युद्धात ब्रिटिश सैन्याचे नेतृत्व केलेल्या लॉर्ड रॅगलन यांचे ते नाव. बिनशिवणीचे विणकाम तसे जुने, ब्रिटनच्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांचे स्वेटर गोलच विणले जात, पण खालून वर. अमेरिकेत एलिझाबेथ झिमरमन यांनी १९७१ साली ‘निटिंग विदाउट टिअर्स’ या पुस्तकातून बिनशिवणीचा स्वेटर लोकप्रिय केला. बार्बरा वॉकर यांचे ‘निटिंग फ्रॉम द टॉप’ १९७२ साली आले आणि वरून खाली विणण्याची रीत नीट मांडली गेली. यंत्रांना ते जमायला पुढची दोन दशके लागली. जपानमधल्या वाकायामाच्या शिमा सेकी या कंपनीने अख्खा स्वेटर बिनशिवणीचा विणून बाहेर काढणारे यंत्र १९९५ साली दाखवले. हाताच्या कामाला मात्र केबलने जोडलेल्या दोन टोकांची एक गोल सुई पुरते.

ही सुई पनवेलकरांच्या खास सोयीची. हार्बर मार्गाची लोकल १९९८ साली पनवेलपर्यंत आली, आणि सीएसएमटीपर्यंतचा सव्वा तासाहून अधिक वेळ लेडीज डब्यात भाज्या निवडण्यात, पोथी वाचण्यात आणि विणण्यात जाऊ लागला. लांब सरळ सुया शेजारणीच्या कुशीत टोचतात. गोल सुई मांडीतच राहते, विणलेल्याचा भार केबलवर पडतो आणि स्टेशन आले की सगळे तसेच पिशवीत जाते. निलगिरीतल्या केट्टीला बनणाऱ्या पोनीच्या सुया किंवा निटप्रोच्या लाकडी सुया, दोन्ही भारतीयच.

या पद्धतीत उणीव नाही असे नाही. शिवण कपड्याला आधार देते. ती नसली की जड धाग्याचा स्वेटर स्वतःच्या वजनाने लांबत जातो. कोकणच्या दमट हवेत सुती धागा घ्यावासा वाटतो, तो तर लोकरीपेक्षा जड आणि कमी लवचिक. म्हणून बारीक सूत किंवा सूत आणि अॅक्रिलिकची मिसळ घ्यावी, नमुन्याचा चौकोन विणून धुऊन वाळवावा आणि मगच टाके मोजावेत. बाळाच्या स्वेटरला तर धुण्याचा प्रश्न आधी बघावा.

बाळाच्या स्वेटरलाच या रीतीचा खरा फायदा होतो. विणकाम बंद केलेल्या टोकाकडून सहज उसवते, टाके घातलेल्या टोकाकडून नाही. गळ्यापासून विणलेल्या स्वेटरची बंद केलेली टोके कमरेला आणि मनगटांशी येतात, आणि झिजते तेही तिथेच. मूल वाढले की बॉर्डर उसवायची, टाके सुईवर घ्यायचे आणि दोन इंच पुढे विणायचे. मोठ्यांच्या स्वेटरची विरलेली बाहीही अशीच नवी करता येते. त्याच रंगाची लोकर पुढच्या वर्षी दुकानात मिळाली तरी रंगाचा लॉट वेगळा असतो आणि उन्हात तो फरक दिसतो, म्हणून सुरुवातीलाच एकाच लॉटचा एखादा गुंडा जास्त घेऊन ठेवावा.